टर्की, अस्वल आणि आमूचा रस्सा: थँक्सगिव्हिंगच्या चित्रपुस्तकांचा वापरानंतरचा अनुभव

सप्टेंबर ते नोव्हेंबरअखेर २ ते ८ वर्षांच्या मुलांना पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचून दाखवल्यावर कोणती पुस्तकं टिकली आणि कोणती दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यात गेली, त्याबद्दल हे लिहितो आहोत. मुलं अमेरिकेतली, घरात मराठी, शाळेत इंग्रजी. थँक्सगिव्हिंग म्हणजे आभार मानायचा, एकत्र मेजवानीचा सण. अमेरिकेत तो नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो आणि कॅनडात ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी. म्हणजे कॅनडात राहणाऱ्यांनी सगळं महिनाभर आधी धरायचं. वाचनालयातून पुस्तकं हवी असतील तर सप्टेंबर संपायच्या आत नंबर लावा. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सणाचा कप्पा जवळजवळ रिकामा होतो, आणि मग मुखपृष्ठावर चकचकीत टर्की (या सणाला बऱ्याच घरी भाजतात तो मोठा पक्षी) असलेलं जे उरेल ते घरी येतं.

मुखपृष्ठावर सणाचं नाव आहे की नाही याला फारसं महत्त्व देऊ नका. पुस्तक हातात घ्या आणि उभ्या उभ्या तीन पानं पुटपुटत वाचा. जीभ न अडखळता चालते का? मुलाला मध्येच ओरडून सामील होता येईल असं एखादं पालुपद आहे का? पान उलटायच्या आधी ‘आता काय होणार?’ असं वाटतं का? तीनपैकी दोन गोष्टी जमल्या तर पुस्तक न्या. चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचं असतं. मजकूर ५०० शब्दांच्या आत असला तर मधल्या गप्पा धरून ८-१० मिनिटांत होतो. हजाराच्या पुढे गेला की चार वर्षांचं मूल मजकूर संपायची वाट न बघता पान ओढायला लागतं. तो मुलाचा दोष नाही, निवड चुकलेली असते.

२ ते ४ वर्षांसाठी आमची पहिली पसंती ‘बेअर सेज थँक्स’ला (लेखन कार्मा विल्सन, चित्रं जेन चॅपमन, २०१२). अस्वलाला मेजवानी द्यायची आहे, पण फडताळ रिकामं. मग उंदीर, ससा, बिज्जू असे मित्र एकेक पदार्थ घेऊन येतात आणि अस्वल दर वेळी आभार मानतं. थँक्सगिव्हिंगचा यात उल्लेखही नाही, त्यामुळे डिसेंबरात पुस्तक शिळं होत नाही. पालुपद अगदी छोटं आहे, ते दुसऱ्या वाचनापासून मुलाच्या तोंडी येतं. एक गंमत मात्र मराठीत आणता येत नाही: ‘बेअर’ म्हणजे अस्वल आणि ‘बेअर’ म्हणजे रिकामं, इंग्रजीत उच्चार एकच. समजावायला बसू नका, रिकाम्या फडताळाच्या चित्रावर बोट ठेवा आणि पुढे चला. पुठ्ठ्याच्या जाड पानांची आवृत्तीही मिळते. दोन वर्षांच्या आतल्या मुलासाठी तीच घ्या.

सगळ्यात जास्त वेळा वाचलं गेलं ते ओगे मोरा यांचं ‘थँक यू, ओमू!’ (२०१८, पुढच्या वर्षी कॅल्डेकॉट सन्मान, म्हणजे चित्रपुस्तकांतल्या चित्रांसाठीचा अमेरिकी गौरव). पहिली सूचना उच्चाराची. ‘ओमू’ नाही, ‘आमू’. नायजेरियातल्या इग्बो भाषेत त्याचा अर्थ राणी, आणि लेखिकेच्या घरी तो आजीसाठी वापरला जाई. मराठी कानाला ‘आमू’ हे घरातल्याच कुणाचं तरी लाडाचं नाव वाटतं, त्यामुळे मुलं एकदाच ऐकून ते उचलतात. आमू घट्ट लाल रस्सा शिजवते, वास रस्त्यावर जातो, दारावर टकटक होते, आणि ती येणाऱ्या प्रत्येकाला वाढत राहते, भांडं रिकामं होईपर्यंत. (कोल्हापूरकडच्या घरात ‘तांबडा रस्सा’ म्हटलं तरी कुणाची हरकत नसावी.)

हे वाचण्याची एक पद्धत आहे, ती चुकली तर पुस्तक सपाट होतं. पहिल्या तीन टकटकी सावकाश घ्या, मुलाला जमिनीवर किंवा पाटावर मूठ आपटू द्या, मग क्षणभर थांबा आणि ‘कोण आलं?’ विचारा. पुढे पाहुण्यांची लांबलचक यादी येते. ती एका दमात, धापा टाकत वाचायची, म्हणजे दाराशी झालेली गर्दी कानाला कळते. शेवटची टकटक मात्र अगदी हळू. भांडं रिकामं आहे हे मुलाला माहीत असतं, त्यामुळे इथे आवाज खाली आणला की खोलीत शांतता होते. चित्रं कागदाचे तुकडे चिकटवून केलेली आहेत. पाच वर्षांच्या पुढची मुलं त्यात छापील कागदांचे कपटे शोधत बसतात. त्यासाठी वेगळी पाच मिनिटं ठेवा, गोष्टीच्या मध्ये नको.

‘टर्की ट्रबल’ (वेंडी सिल्व्हानो, चित्रं ली हार्पर, २००९) ४ ते ६ वर्षांच्या मुलांना हमखास हसवतं. सण जवळ आलाय, टर्कीबुवांचा जीव धोक्यात, म्हणून ते बहुरूप्यासारखे सोंगं काढतात: कधी घोडा, कधी गाय, कधी डुक्कर. प्रत्येक सोंग उघडं पडतं. वाचताना सोंगाचं पान आलं की मजकुरावर तळहात ठेवा आणि आधी मुलाला ओळखू द्या. अनेक बालवाड्यांत याच सुमाराला कागदी टर्की घरी पाठवतात, ‘हिला वेषांतर करून लपवा’ म्हणून. त्या उद्योगाच्या दोन-तीन दिवस आधी हे पुस्तक वाचलेलं असलं की मुलाला कल्पना विचारत बसावं लागत नाही.

अडचण येते ती तिसऱ्या वर्षाच्या आसपास. टर्की लपतेय कशाला, हे गोष्टीत गृहीत धरलेलं आहे. शाकाहारी घरातलं मूल सरळ विचारतं, ‘तिला खातात?’ तेव्हा विषय बदलू नका. ‘हो, बऱ्याच घरी खातात, आपल्या घरी नाही’ किंवा ‘आपल्याही घरी खातात’, जे खरं असेल ते एका वाक्यात सांगा आणि पान उलटा. शेवटी ताटात पिझ्झा येतो, त्यामुळे मूल रडत झोपायला जात नाही.

डेव्ह पिल्की यांचं ‘ट्वॉज द नाइट बिफोर थँक्सगिव्हिंग’ (१९९०) याच प्रश्नाला थेट भिडतं. आठ मुलं सहलीला टर्कीच्या फार्मवर जातात, कुऱ्हाड बघतात आणि आठही टर्क्या कपड्यांत लपवून घरी नेतात. शाकाहारी घरात याचं स्वागत होईल, पण कुऱ्हाडीचं पान पाच वर्षांच्या आत नको. दुसरी अडचण वाचणाऱ्याची आहे. हे १८२३ च्या एका प्रसिद्ध नाताळ-कवितेच्या चालीवर बेतलेलं आहे. अमेरिकी मुलांच्या कानात ती चाल असते, आपल्या नसते. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळपास सारखाच जोर देतो. त्याच सवयीने हे वाचलं की यमक उरतं आणि ताल जातो. उपाय साधा आहे: प्रत्येक ओळीत चार ठोके असतात, दोन हलकी अक्षरं आणि मग एक जोरकस. मांडीवर चार टाळ्या देत पहिलं पान दोनदा एकट्याने वाचून बघा, मग मुलाला घेऊन बसा.

त्यावरूनच भाषेबद्दल. यमकातलं इंग्रजी वाचता वाचता मराठीत सांगायचा प्रयत्न सोडून द्या, दोन्हीकडून नुकसान होतं. यमकाचं पुस्तक आधी इंग्रजीतच पूर्ण वाचा, मग पुन्हा पहिल्या पानापासून फक्त चित्रांवर मराठीत बोला. गद्य असेल, जसं आमूचं, तर निवेदन मराठीत आणि पालुपद मूळ इंग्रजीत हे मिश्रण छान बसतं.

आणि ‘कृतज्ञ’ हा शब्द चार वर्षांच्या मुलाच्या गळी उतरवू नका. आपल्याकडे आईला उठसूट धन्यवाद म्हणायची रीत नाही, त्यामुळे ‘तुला कशाबद्दल कृतज्ञ वाटतं?’ या प्रश्नावर मूल गप्प बसतं किंवा शाळेत पाठ करून घेतलेलं उत्तर देतं. ‘आज काय बरं झालं?’ असं विचारा. ‘बरं झालं आजीचा फोन आला’, ‘बरं झालं पाऊस नव्हता’ अशी उत्तरं लगेच येतात, आणि ती खरी असतात. जेवणाआधी घरात ‘वदनी कवळ’ म्हणत असाल तर त्याला जोडून वाचायला ‘गिव्हिंग थँक्स’ (१९९५) घ्या. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी मोहॉक समाजाचे प्रमुख (चीफ) जेक स्वॉम्प यांनी हौदेनोसौनी लोकांच्या (मोहॉक धरून सहा समाजांचा संघ) आभारवचनाचं केलेलं हे छोटं रूप. पाणी, गवत, फळं, प्राणी, वारा, सूर्य, चंद्र, एकेकाचे आभार. यात गोष्ट नाही, विनोद नाही. झोपायच्या वेळी हळू आवाजात उत्तम, दुपारी दंगा चालू असताना अगदी निरुपयोगी.

इतिहासाच्या पुस्तकांत निवड सगळ्यात जास्त फसते. या सणाचं मूळ मानलं जातं ते जेवण १६२१ मध्ये प्लिमथच्या इंग्रज वसाहतीत झालं, आणि त्याबद्दल तिथल्याच एडवर्ड विन्सलो याच्या पत्रात जेमतेम काही ओळी आहेत: तिथल्या मूळ रहिवासी वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसासोइट, त्याची सुमारे ९० माणसं, तीन दिवस, त्यांनी आणलेली पाच हरणं. शिकार करून आणलेल्या पक्ष्यांचा उल्लेख आहे, पण टर्की हा शब्द त्या वर्णनात नाही. दरवर्षीचा राष्ट्रीय सण म्हणून घोषणा झाली ती थेट १८६३ मध्ये, लिंकनच्या काळात. एवढ्याशा आधारावर शेकडो पुस्तकं उभी आहेत. विकत घ्यायच्या आधी चित्रं तपासा. इंग्रजांच्या टोप्यांवर मोठ्या चकचकीत बकला असतील, वाम्पानोआग लोकांच्या डोक्यावर लांब पिसांचे मुकुट असतील किंवा मागे शंकूसारखे तंबू असतील तर पुस्तक ठेवून द्या. ते मुकुट आणि तंबू दूरच्या मैदानी प्रदेशातल्या लोकांचे. वाम्पानोआग लोक झाडाच्या सालीने किंवा चटयांनी शाकारलेल्या घुमटाकार घरात राहत, त्याला ‘वेतू’ म्हणतात. टेबलावर उकडून कुस्करलेले बटाटे दिसले तरी समजून जा. शाळेतून पिसांचा कागदी मुकुट करायचं सुचवलं गेलं तर शिक्षकांना दुसरा पर्याय मागायला हरकत नाही.

त्याऐवजी ‘कीपुनुमक’ (२०२२) घ्या. तीन लेखकांपैकी डॅनिएल ग्रीनडिअर मॅशपी वाम्पानोआग आहेत, चित्रं गॅरी मीचेस यांची. आजी बागेत नातवंडांना गोष्ट सांगते, आणि गोष्टीत मका स्वतः ठरवतो की या नवख्या माणसांना मदत करायची. मका, घेवडा आणि भोपळा या ‘तीन बहिणी’ एकत्र लावतात: मक्यावर वेल चढतो, घेवडा जमिनीला नत्र देतो, भोपळ्याची पानं ओल धरतात आणि तण दाबतात. गावाकडे मिश्र पीक पाहिलेल्या आजी-आजोबांना हे पान द्या, ते पुस्तकापेक्षा जास्त सांगतील. वाम्पानोआग शब्द अनोळखी आहेत, आधी एकदा बघून ठेवा. वाचताना अडखळलं की सहा वर्षांचं मूल लगेच दुसरीकडे बघतं. वय ५ ते ८.

‘वी आर ग्रेटफुल: ओत्सालिहेलिगा’ (ट्रेसी सोरेल, चित्रं फ्रॅने लेसॅक, २०१८) हे चेरोकी या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांच्या वर्षाचे चार ऋतू दाखवतं, शरदापासून सुरुवात करून. शीर्षकातला शब्द म्हणताना ‘ओजालीहेलीगा’च्या जवळ जा, ‘ली’वर जोर. पानांवर चेरोकी लिपीतले शब्दही छापले आहेत. त्या लिपीत एक खूण म्हणजे ‘गो’ किंवा ‘ली’सारखं एक पूर्ण अक्षर. देवनागरी गिरवणाऱ्या मुलाला ही कल्पना पटकन समजते, इंग्रजी मुळाक्षरांपेक्षा लवकर. त्यात कुटुंबातल्या एकाला गमावल्याचाही उल्लेख येतो, ते पान घाईने उलटू नका.

सहा वर्षांच्या पुढे, गुरुवारी सकाळी टीव्हीवर न्यूयॉर्कची थँक्सगिव्हिंगची मिरवणूक बघणार असाल तर आदल्या रात्री ‘बलून्स ओव्हर ब्रॉडवे’ (मेलिसा स्वीट, २०११, पुढच्या वर्षी सायबर्ट पदक, म्हणजे मुलांच्या माहितीपर पुस्तकांचा पुरस्कार). १९२४ च्या पहिल्या मिरवणुकीत खरे प्राणी होते. नंतर टोनी सार्ग या बाहुलीकाराने हवेत तरंगणारे प्रचंड प्राणी आणले. युक्ती समजवायला पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या आठवा: तिथे दोर वरून, माणूस वर. इथे बाहुली वर आणि दोर खाली. मजकूर लांब आहे, दोन रात्रींत वाचा.

व्हिडिओ कॉलवर भारतातल्या आजी-आजोबांसोबत वाचायचं असेल तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नोव्हेंबरअखेरचे सकाळचे ९ म्हणजे भारतात संध्याकाळचे ७.३०. आमूचं चिकटचित्रांचं पान पडद्यावर गिचमिड दिसतं, अस्वल मोठं आणि ठळक असल्याने चांगलं दिसतं. पुस्तकाची वरची कड किंचित कॅमेऱ्याकडे झुकवा, दिव्याची चमक जाते. आपल्या पडद्यावर अक्षरं उलटी दिसली तरी पलीकडे ती सरळच दिसतात.

खरेदीचं म्हणाल तर आमू आणि ‘कीपुनुमक’ विकत घ्या, बाकीची वाचनालयातून पुरतात. एका हंगामाला पाच पुस्तकं बास, प्रत्येक किमान तीनदा. दहा आणली की एकही पाठ होत नाही. अस्वलाची पुठ्ठा-आवृत्ती वाचनालयाची असेल तर परत करण्याआधी कोपरे बघून घ्या, दात येणाऱ्या मुलांचा तिथे विशेष जीव असतो.