सावल्यांची गोष्ट: नुसते हात की पुठ्ठ्याच्या बाहुल्या?

घरी पोरांना सावल्यांतून गोष्ट सांगायची तर दोन वाटा आहेत. भिंतीवर नुसत्या हातांच्या सावल्या, नाहीतर पुठ्ठा कापून काडीवर लावलेल्या बाहुल्या आणि समोर पांढरं कापड. खर्च दोन्हीकडे किरकोळ. ठरवायचं ते गोष्ट बघून.

हातांना तयारी लागत नाही. कोल्हापुरात पावसाळ्यात संध्याकाळी लाइट गेली की खोली आपसूक अंधारी होते. मोबाइलचा टॉर्च डब्याला टेकवला की खेळ सुरू. दोन्ही अंगठे एकमेकांत अडकवून बोटं हलवली की पाखरू, अंगठा वर ठेवून करंगळी खाली-वर केली की भुंकणारा कुत्रा. पाखरू लहानग्यांनाही जमतं. कुत्र्याला वेळ लागतो, कारण एकटी करंगळी हलवणं त्यांना अवघड जातं. उजेड एका ठिपक्यातून आला तर कडा रेखीव. ट्यूबलाइटसमोर सगळं पुसट. फोनला फ्लॅशचे दोन दिवे असतील तर सावलीची कड दुहेरी दिसते, मग एकावर काळी चिकटपट्टी लावावी. हात दिवा आणि भिंतीच्या बरोबर मध्ये धरला की सावली दुप्पट. दिव्याकडे सरकवला की आणखी मोठी, पण धूसर. राक्षस आणायला हे बरंच.

अडचण पात्रांची. पाखराला दोन्ही हात लागतात, त्यामुळे काऊ-चिऊची गोष्ट एकट्याला झेपत नाही. चिऊ बाळाला तीट लावेपर्यंत काऊला दाराबाहेर कोण उभं करणार? भोपळ्यातल्या म्हातारीचंही तेच. मुठीचा भोपळा छान गडगडतो, पण त्यात बसणारी म्हातारी हाताने दाखवायची कशी?

आणि इथली पोरं पन्हाळ्याची गोष्ट मागणारच. १६६० सालचा सिद्दी जौहरचा वेढा, पावसाळी रात्र, दोन पालख्या, शिवा काशीद, खिंडीत बाजीप्रभू. हाताने गड होत नाही, पालखी तर नाहीच. इथे पुठ्ठा हवा. दोन्ही पालख्या सावलीत सारख्याच दिसतात, म्हणून एकच कापायची आणि दोनदा न्यायची. महाराज कुठल्या पालखीत, यावर पोरं भांडत बसतात.

पुठ्ठ्यासाठी जुन्या लग्नपत्रिका आहेतच. त्या कुणाच्या घरात कमी नसतात. काडी खराट्याची. हलणाऱ्या हाताच्या सांध्यात दोरा ओवून दोन्ही बाजूंनी गाठ मारायची, फार घट्ट नाही. चेहरा बाजूनेच कापा. समोरून कापला तर पडद्यावर नुसता गोळा दिसतो, नाक नाही की मिशी नाही. डोळ्याला भोक, फेट्याच्या जागी लाल जिलेटिन पेपर. दारात विरलेलं पांढरं धोतर ताणून बांधा. बाहुली कापडाला टेकवून धरली की साधा बल्बही चालतो, कारण सावली पसरायला अंतरच उरत नाही. कापडामागे मेणबत्ती मात्र नको.

रंगीत सावलीचं खरं काम बघायचं तर घाट उतरून कुडाळजवळ पिंगुळीला जा. तिथला ठाकर समाज चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करत आला आहे. परशुराम गंगावणे यांना त्या परंपरेसाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली.

बाजारातले तयार संच मला पटत नाहीत. त्यात सिंह-जिराफ असतात, आपला पैलवान नि म्हैस नसते.

पडद्याच्या खेळात पोरं पलीकडे बसून बघतात. हातांच्या खेळात ती शेजारी असतात आणि लगेच त्यांचेही पंजे उजेडात घुसतात. गोष्ट मोडते, कुत्र्याला चार कान फुटतात. पोरं पाचाच्या आतली असतील तर मी तरी हातच निवडेन. शाळेत जाणारी असतील तर कात्री त्यांच्याच हातात द्या, कटर आपल्याकडे ठेवा. बाहुल्या जाड वहीत दाबून ठेवाव्यात. पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो आणि आधी वाकतात त्या पालखीच्या दांड्या.