मैदानावरचं फुकट बीपी मला 14,800 रुपयांना पडलं

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत मी 31 वर्षं क्वालिटीत काढली. व्हर्नियर, मायक्रोमीटर, गेज. कॅलिब्रेशनची तारीख उलटलेलं गेज असेल तर प्रॉडक्शनवाले कितीही ओरडोत, माल पास करायचो नाही. हे आधीच सांगतो, कारण मी फसलो ते नेमका मोजण्यातच.

वय 68. बीपी 9 वर्षांपासून. रोज बीपीच्या दोन गोळ्या, एक अ‍ॅम्लोडिपिन, एक टेल्मिसार्टन. गेल्या डिसेंबरात गोल्फ क्लब मैदानावर चार फेऱ्या मारून बाहेर पडलो, तर गेटजवळ गव्हांकुराच्या रसवाल्याशेजारी टेबल मांडलेलं. 'मोफत बीपी तपासणी'. पांढऱ्या कोटातला पोरगा. माझी धापही बसली नव्हती. त्याने स्वेटरची बाही वर सरकवली, तिचा दंडावर झालेला गोळा तसाच ठेवून वरून पट्टा आवळला. हात खाली लोंबतोय आणि याच्या गप्पा चालूच: काका कुठे राहता, मुलगा काय करतो. आकडा आला 178/98.

"काका, गोळ्या घेऊनही एवढं? म्हणजे गोळ्या लागूच पडत नाहीत. वर किडनी खातात त्या वेगळ्या."

पोटात गोळा आला. त्याच दिवशी दुपारी मुंबई नाक्याजवळ, त्या पोराच्या चूर्णवाल्यांच्या गाळ्यात गेलो. तिथे सोफा, पंखा, मंद बासरी. अर्धा चमचा चूर्ण कोमट पाण्यातून दिलं, 20 मिनिटं निवांत बसवलं, हात जाड उशीवर उंच ठेवला, रुंद पट्टा बांधला. 136/82! मी थक्क. तीन महिन्यांच्या कोर्सचे 14,800 रुपये यूपीआयने दिले. पत्रकावर ठळक लिहिलेलं, 'बीपी मुळापासून कायमचं बरं'. गोळ्या त्याच रात्रीपासून बंद. बायको म्हणाली, "अहो, डॉक्टरांना एक फोन तरी करा." नाही केला. डॉक्टर विरोध करणारच, हे त्या पोराने आधीच माझ्या डोक्यात भरवलं होतं.

पहिला आठवडा झकास गेला. अ‍ॅम्लोडिपिनचा असर शरीरातून उतरायला काही दिवस लागतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, चूर्णाची कमाल. दर शनिवारी गाळ्यात जायचो. मशीनची स्क्रीन कायम त्या पोराकडे, तो कार्डावर आकडा लिहून द्यायचा आणि मी ते कार्ड मित्रांना दाखवायचो. त्यातल्या दोघांनी कोर्स घेतला. हे लिहिताना अजून लाज वाटते.

पाचव्या आठवड्यात पावलं सुजली, डोकं दुखायला लागलं, पायात सारखे गोळे. बायकोने ओढतच आमच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी लघवीला जाऊन यायला सांगितलं. मग पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसवलं. उघड्या दंडाला मापाचा पट्टा, हात छातीच्या पातळीवर. दोन्ही हातांवर मोजलं, मग उभं करूनही, कारण म्हाताऱ्या माणसाचं उभं राहिल्यावर बीपी घसरलं तर तो पडतो. बसून आलेला आकडा 192/100. रक्तातलं पोटॅशियम 3.1, म्हणजे कमी.

डॉक्टरांनी चूर्णाचा डबा फिरवून लेबल वाचलं. पहिलंच नाव यष्टिमधु, म्हणजे ज्येष्ठमध. "खोकल्याला एखादी कांडी चघळणं वेगळं," ते म्हणाले, "रोज चमचा चमचा घेतलं तर शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं." म्हणजे गोळ्या काढून घेतल्या त्या घेतल्या, वर बीपी वाढवणारी वस्तू विकत दिली.

मग त्यांनी मैदानावरच्या 178 ची चिरफाड केली. चालून आल्याबरोबर वरचा आकडा चढलेला असतोच. बोलल्याने चढतो, लोंबत्या हाताने चढतो, बाहीच्या गोळ्यावर पट्टा बांधला की चुकतो. उलट हात उंच ठेवला, पट्टा दंडाच्या मानाने मोठा लावला की उतरतो. साठीनंतर धमन्या ताठर होतात, म्हणून वरचा आकडा वाढत जातो. तो माझ्यासाठी 140 च्या आत ठेवायचा आणि गोळी बदलायची ती त्यांना विचारूनच.

मी डबा घेऊन गाळ्यात गेलो. पोरगा म्हणाला, "काका, डॉक्टरचं मशीन चुकीचं असणार."

मी म्हटलं, "तुझं लाव. हात मी ठेवतो तसा, आणि स्क्रीन माझ्याकडे फिरव."

त्याने मशीनची वायरच काढली. "सेल संपलेत."

पावतीवर 'आहारपूरक' लिहिलंय, औषध हा शब्दच नाही. तिथे ते हुशार निघाले. पण पत्रक माझ्याकडे आहे, आणि रक्तदाब बरा करण्याची जाहिरात करायला 1954 च्या जादुई उपायांच्या कायद्याने बंदी आहे. पत्रक, पावती, यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि डबा, चारही गोष्टींचे फोटो जोडून अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज दिलाय. ग्राहक हेल्पलाइन 1915 वरही तक्रार नोंदवली. पैसे अजून आलेले नाहीत. त्या दोन मित्रांना मात्र मी स्वतः डॉक्टरांकडे घेऊन गेलो. एक जण अजून माझ्याशी धड बोलत नाही.