भोपळ्यातली म्हातारी: आजची की 2100 सालातली?

गणपतीत वाडीतल्या पोरांचं नाटुकलं बसवायचंय, गोष्ट ठरली भोपळ्यातली म्हातारी, वाद एवढाच की ती आजची दाखवायची की 2100 सालातली.

आजची केली तर म्हातारी राजापूरची, लेक चिपळूणला, वाघाऐवजी बिबट्या, तूप-रोटीऐवजी रस-घावणे. सगळं ओळखीचं, पोरं धडाधड बोलतील. पण मोबाईलचं काय करणार? लेकीला एक फोन लावला की गोष्टच खलास! त्यावर एकाने सुचवलं की म्हातारीला कोकण रेल्वेत बसवू, रत्नागिरी सोडल्यावर साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा लागतो, आत रेंज गायब आणि समोरच्या सीटवर कोल्हा. सीन झकास आहे हो, पण मग भोपळा कशाला हवा? तिकीट काढलंय की तिने.

2100 मध्ये भोपळा हवाच, कारण समुद्र आत आलाय, रस्ता पाण्याखाली आणि भोपळा तरंगतो. पूर्वी पोहायला शिकवताना कमरेला वाळका भोपळा बांधायचेच की, त्यामुळे आज्या-आजोबांनाही पटेल. कोल्हा म्हणजे आवाज ओळखणारं मशीन. आतून 'म्हातारी कोतारी मी नाही जाणत' आलं की लगेच पकडणार, मूळ गोष्टीतला कोल्हा तरी दुसरं काय करतो? फक्त सगळ्यांना चंदेरी कागद गुंडाळून रोबो करू नका, वाघ वाघच राहूदे.

माझं मत 2100 ला. कोल्हा कोण होणार ते तर ठरलंय, शेजारच्या काकींचा धाकटा, त्याचा आवाजच तसला आहे.