गिटार हलकी करून घ्यायला देताय? आधी हे वाचा

माझ्याकडे आज जी टेलिकास्टर गिटार आहे तिचा नेक माझा, पिकअप माझे, ब्रिजही माझाच. बॉडी कुणाची, देव जाणे. ३४,००० रुपये मोजून मी ही अदलाबदल करून घेतली आणि वर दोन महिने त्या माणसाचं कौतुक करत फिरलो. दोन वादक मित्रांना त्याच्याकडे पाठवलंसुद्धा. म्हणून लाज गुंडाळून लिहितोय.

गिटार मूळ मामाची. मामा जहाजावर होता, एका फेरीत फेंडर कंपनीची ही काळी गिटार घेऊन आला. हेडस्टॉकवरचा (नेकच्या टोकावरचा) नंबर एस८ने सुरू होतो, म्हणजे साधारण १९७८चा माल. त्या काळातल्या ॲश लाकडाच्या गिटारी बऱ्याचदा भलत्या जड निघायच्या. विमानप्रवासाला बॅगा तोलतो त्या लटकत्या काट्यावर माझी ४.४२ किलो भरली. तिशीत हे कळतही नाही. पन्नाशीत मात्र ऑर्केस्ट्रात चार-चार तास उभं राहून वाजवल्यावर डावा खांदा रात्री झोपू देईना. डॉक्टर म्हणाले, बसून वाजवा. लग्नाच्या स्टेजवर गिटारवाल्याने खुर्ची मागितली की आयोजक कसा बघतो, ते त्यांना काय ठाऊक!

बॉडी आतून पोखरून हलकी करायची ही युक्ती जुनीच. फेंडरने स्वतः १९६८मध्ये थिनलाइन काढली ती त्यासाठीच. हलकं ॲश मिळणं अवघड झालं होतं. पाठीकडून राउटर, म्हणजे लाकूड कोरायचं यंत्र, मारून दोन्ही अंगांना पोकळ्या करायच्या, नेकपासून ब्रिजपर्यंतचा मधला पट्टा भरीव ठेवायचा आणि पाठीवर पातळ फळी चिकटवून टाकायची. टेलिकास्टरच्या तारा बॉडीतून आरपार जातात, त्यामुळे मधल्या पट्ट्याला हात लावायचा नाही. हे सगळं मला त्याच वर्कशॉपवाल्याने कागदावर चित्र काढून समजावलं. माणूस जाणकार होता, त्यात शंका नाही. अडाणी असता तर मी फसलोच नसतो.

"सर, तीन किलोच्या आसपास आणून देतो," तो म्हणाला. पुढे अगदी सहज म्हणून, "पाठ कापली की रंग नव्यानेच मारावा लागेल. काळाच मारू ना?"

मी म्हटलं, काळाच. हे बोलणं बरोबरच आहे, पाठ कापल्यावर रंग द्यावाच लागतो. पण नव्या रंगाखाली लाकूड कोणतं आहे हे मग कुणालाच दिसत नाही.

२०,००० आगाऊ यूपीआयने दिले. तीन आठवड्यांचे अकरा झाले. मी फोन केला की कधी पावसामुळे रंग वाळत नसायचा, कधी गावी कुणीतरी वारलेलं असायचं. मध्ये एकदा व्हॉट्सॲपवर फोटो आला, पोखरलेल्या बॉडीचा, सुंदर काम. मी तो घरच्यांच्या ग्रुपवरही टाकला. आज तोच फोटो बघतो तेव्हा कपाळावर हात मारून घेतो. त्यातल्या बॉडीच्या कडा कोऱ्या लाकडाच्या आहेत. माझी असती तर पाठ उघडी आणि कडेला काळा रंग दिसायला हवा होता.

गिटार आली ३.१२ किलोची. खांद्यावर घेतली आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. नेक थोडा खाली झुकत होता, पण हलक्या बॉडीचं ते होतंच अशी मीच माझी समजूत घातली.

गणपतीत ठाण्याच्या एका सोसायटीत कार्यक्रम होता. तिसऱ्या गाण्यात खांद्यावरचा पट्टा सुटला आणि गिटार मांडीवर आदळली. पट्ट्याचं बटण स्क्रूसकट उपटून आलं होतं. स्क्रूच्या आट्यांत पांढुरका, कापसासारखा भुसा अडकलेला. ॲश असं सोडत नाही. त्यात स्क्रू पिळताना मनगट दुखतं. घरी येऊन त्या भोकाच्या तोंडाशी नख दाबलं तर खाच पडली.

दुसऱ्या दिवशी आमच्या इमारतीत काम करणाऱ्या मिस्त्रींना दाखवली. त्यांनी भोकात खिळा फिरवला, भुसा बोटांवर चोळला आणि म्हणाले, "काका, हे पांगाऱ्याच्या जातीचं काहीतरी. फर्निचरला आम्ही घेत नाही असलं." एका मित्राचं म्हणणं पडलं पॉलोनिया. जपानी लोक याच्या कोटो (त्यांचं तंतुवाद्य) बनवतात, त्याला ते किरी म्हणतात. लाकूड वाईट नाही, हलक्या गिटारीही होतात त्याच्या. फक्त माझी गिटार त्याची नव्हती.

मग कंट्रोल प्लेट, म्हणजे स्विच आणि नॉब बसवलेली पट्टी, उघडली. काही वर्षांपूर्वी स्विच बदलताना माझ्या हातून सोल्डरिंगची इस्त्री सटकली होती आणि खोबणीच्या भिंतीला वाटाण्याएवढा करपलेला डाग पडला होता. वायरिंग तेच होतं, माझा ओबडधोबड डाख तोच होता. डाग नव्हता. खोबणी नवी, स्वच्छ, राउटरचे फेरे स्पष्ट दिसणारी. दिवाळीत दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं वाटलं.

त्या रात्री मी जे गणित मांडलं ते पैसे देण्याआधी मांडायला हवं होतं. जड ॲश एका लिटरला साधारण साडेसहाशे-सातशे ग्रॅम. १,३०० ग्रॅम घटवायचे म्हणजे जवळजवळ दोन लिटर लाकूड बाहेर काढायचं. अख्खी बॉडी आहे चार लिटरच्या आसपास. मधला पट्टा, कडा, पाठीची फळी एवढं सगळं ठेवून उरलेल्यातून दोन लिटर काढणार कुठून? प्रामाणिक कामात अर्धा, फार तर पाऊण किलो जातो. तेवढंच सांगणारा एक कारागीर मला आधी भेटला होता. मला तो कामचुकार वाटला.

वर्कशॉपवाल्याला फोन केला. "सर, लाकूड पोखरलं की मऊ लागतं," म्हणाला. नंतर नंबर ब्लॉक. पोलीस चौकीत हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे गिटार दिली, गिटार परत मिळाली. मग गेलं काय?" त्यांच्या जागी मीही हेच विचारलं असतं. पावतीवर नुसतं 'गिटार रिपेअर' लिहिलेलं. आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. वकील पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "आधीची बॉडी ॲशची होती हे दाखवणारा एक तरी फोटो आणा." स्विच बदलताना काढलेला एकच फोटो सापडला, तोही हललेला, पण त्यात डाग दिसतो.

तुम्हाला गिटार द्यायचीच असेल तर देण्याआधी नेक काढा, त्याखालच्या खाचेचे आणि कंट्रोल खोबणीचे फोटो घ्या, आत कुठेतरी पेन्सिलने सही करा. पावतीवर लाकूड, वजन आणि नेमकं काम लिहून घ्या. रंग मारण्याआधी स्वतः जाऊन बॉडी बघा, आणि कापलेली पाठ परत मागा. ती सांभाळायला कारागिराला काहीच त्रास नसतो. माझ्या मित्रांपैकी एकाची गिटार अजून तिथे गेली नव्हती, ती वाचली. दुसऱ्याने अजून त्याची उघडून बघितलेली नाही. नको म्हणतो.

माझी जुनी बॉडी बहुधा विकली गेली असेल, त्या सालच्या बॉडीला परदेशात गिऱ्हाईक आहे. तरी खूण सांगून ठेवतो: काळा जाड रंग, जॅकच्या खाली नखाएवढा टवका, आणि कंट्रोल प्लेट काढली की स्विचच्या बाजूच्या भिंतीवर वाटाण्याएवढा करपलेला डाग.