शिरोड्याच्या मिठागरावरचं खडेमीठ: गुलाबी झाक दिसली म्हणून फेकू नका (५ पैकी ४ स्टार)

मे महिन्यात आम्ही कोल्हापूरहून आंबोलीमार्गे वेंगुर्ल्याला गेलेलो, आरवलीच्या वेतोबाचं दर्शन घेतलं आणि तिथून जवळच शिरोडा, म्हणून मिठागरं बघायला थांबलो. १९३० च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला तेच हे शिरोडं, शाळेत वाचलेलं असतं पण प्रत्यक्ष ते पांढरे ढीग उन्हात चमकताना बघितले की वेगळंच वाटतं. तिथे बांधावरच एक काका मीठ विकत बसले होते, त्यांच्याकडून पाच किलोची पिशवी घेतली ऐंशी रुपयांना. आता दोन महिने वापरून झाले म्हणून हा रिव्ह्यू, आणि मी ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते त्यामुळे थोडा लांबणार आहे, पण शेवटपर्यंत वाचा, कारण या मिठाबद्दल लोकांचा जो गैरसमज होतो तो मला मनापासून दूर करायचा आहे.

झालं असं की घरी आल्यावर माझ्या नणंदेने पिशवी उघडली आणि म्हणाली, "वहिनी, हे मीठ खराब झालंय, बघा गुलाबी दिसतंय आणि खाडीसारखा वास पण येतोय, फेकून द्या." तिचं चुकलं असं नाही म्हणणार, कारण आपल्याला पाकिटातल्या पांढऱ्याशुभ्र बारीक मिठाची सवय झालीय. पण ती झाक म्हणजे घाण नाही. ती झाक म्हणजे जीव आहेत. जिवंत सूक्ष्मजीव, आणि असे की जे मिठाशिवाय जगूच शकत नाहीत.

मिठागरावर काय होतं ते आधी सांगते. भरतीचं पाणी आत घेतात, समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के मीठ असतं. मग ते एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवत उन्हात आटवत नेतात, आधी चुनखडी खाली बसते, मग जिप्सम नावाचं खनिज, आणि पाणी पंचवीस टक्क्यांच्या पुढे गेलं की खरं मीठ धरायला लागतं. या प्रवासात पाण्यातले जीव पण बदलत जातात. सुरुवातीला मासे, कोळंबी, शेवाळ असतं, मग एकेक गळत जातात, आणि शेवटच्या वाफ्यात, जिथे आपण बोट बुडवलं तर जखमेला आग होईल, तिथे दोनचार प्रकारचेच जीव उरतात पण संख्येने प्रचंड. एक म्हणजे ड्युनालिएला नावाचं एकपेशीय शेवाळ, जातीने हिरवं पण कडक उन्हात आणि खारात बीटा कॅरोटीन साठवून केशरी होतं, गाजरात असतं तेच. आणि दुसरे खरे राजे, हॅलोबॅक्टेरियम आणि त्याची भावंडं. नावात बॅक्टेरियम असलं तरी ते बॅक्टेरिया नाहीत, नाव आधी पडलं आणि १९७७ मध्ये शास्त्रज्ञ कार्ल वूझ यांनी आर्किया हा बॅक्टेरियांहून वेगळाच सूक्ष्मजीवांचा गट आहे हे दाखवलं, तेव्हा कळलं की हे त्या घरातले.

काकांना यातलं एकही नाव माहीत नव्हतं पण त्यांनी मला जे सांगितलं ते मी वर्गात सांगते आता. म्हणाले, "बाय, पाणी तांबडा झाला काय समजाचा, मीठ इला." अगदी बरोबर आहे, पाणी तांबडं होतं कारण या जीवांच्या अंगात लाल रंगद्रव्य असतं, उन्हातल्या अतिनील किरणांपासून ते त्यांना वाचवतं, आणि लालसर पाणी ऊन जास्त शोषतं त्यामुळे लवकर तापतं आणि लवकर आटतं. म्हणजे हे जीव मीठ बनवायला हातभारच लावतात, आणि पिढ्यान् पिढ्या नुसत्या डोळ्यांनी ही माणसं ते ओळखत आलीयत.

हेच लोणारला मोठ्या प्रमाणावर दिसलं होतं, जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी एकदम गुलाबी झालं आणि सगळीकडे फोटो फिरले, लोक काय काय बोलत होते, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत हेच खारप्रेमी आर्किया निघाले. पाणी आटून खारटपणा वाढला की यांचे दिवस येतात.

आता मला वाटलं की मी नुसतं सांगून नणंदेला पटणार नाही, तर दाखवावं. म्हणून कॉलेजच्या लॅबमध्ये दोन बाटल्या लावल्या. एकीत एक लिटर पाण्याला अडीचशे ग्रॅम हे शिरोड्याचं मीठ, दुसरीत तेवढंच पाकिटातलं मीठ, दोन्हीत चिमूटभर यीस्ट एक्स्ट्रॅक्ट खायला म्हणून, तोंडाला कापूस, आणि खिडकीत उन्हाला ठेवून दिल्या. पहिले दहा दिवस काहीच नाही, मी रोज सकाळी जाऊन बघायचे. तिसऱ्या आठवड्यात शिरोड्याच्या बाटलीला पाण्याच्या वरच्या थरात कोकम सरबतात भरपूर पाणी घातल्यावर येतो तसा रंग आला. पाकिटवाली तशीच स्वच्छ.

मग त्याचा एक थेंब काचपट्टीवर घेतला, वर कव्हरस्लिप, आणि मायक्रोस्कोप चारशेपट. अगदी बारीक काड्या दिसतात, काही आडव्यातिडव्या हलतायत, काही नुसत्या थरथरतायत. नणंदेला बोलावून आणलं होतं, तिला बघायला दिलं, आणि ती बघत असतानाच मी कव्हरस्लिपच्या एका कडेला साध्या पाण्याचा थेंब सोडला आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावला, म्हणजे साधं पाणी आत ओढलं जातं. ती एकदम म्हणाली, "अहो, गोल झाल्या!" आणि काही क्षणांत, "गेल्या कुठे?" फुटल्या त्या. गोड्या पाण्याने मेल्या. आपण लहानपणापासून ऐकतो की मीठ लावलं की जंतू मरतात, लोणचं त्यामुळे टिकतं, आणि इथे एक जीव असा की मीठ काढून घेतलं की मरतो. ती बराच वेळ डोळा लावून बसली होती.

असं का होतं तर, आपल्यासारख्या पेशीला मिठात टाकलं की आतलं पाणी बाहेर खेचलं जातं आणि ती सुकते. हॅलोबॅक्टेरियमने यावर उपाय असा केलाय की स्वतःच्या आतच पोटॅशियमचा खार गच्च भरून ठेवायचा, म्हणजे आत बाहेर सारखंच. पण मग आतली सगळी प्रोटीन्स पण तशा खारातच काम करणारी लागतात, आणि ती इतकी त्या खाराला सरावलेली असतात की खार कमी झाला की त्यांचा आकारच मोडतो. साधारण पंधरा टक्क्यांच्या खाली यांचं भागत नाही. ड्युनालिएलाचा मार्ग वेगळा, ती आत मीठ घेत नाही, ग्लिसरॉल बनवून ठेवते.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. इतक्या गरम आणि खारट पाण्यात ऑक्सिजन फारच कमी विरघळतो, मग श्वासाचं काय? काहींच्या अंगात हवेच्या बारीक पिशव्या असतात, त्या घेऊन ते तरंगत वर येतात. आणि हॅलोबॅक्टेरियमकडे एक जांभळं प्रोटीन आहे, बॅक्टेरिओरोडॉप्सिन, ओस्टरहेल्ट आणि स्टोकेनियस या शास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये त्याची ओळख पटवली, ते उजेड पडला की प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धनभारित कण, पेशीबाहेर ढकलतं आणि त्यावर पेशी ऊर्जा बनवते, हरितद्रव्याशिवाय. त्यात रेटिनल नावाचा जो उजेड पकडणारा रेणू असतो तो आपल्या डोळ्यात पण असतो, ज्याच्यावर आपण बघतो. मिठाच्या वाफ्यातला जीव आणि माझा डोळा एकाच प्रकारच्या रेणूने उजेड पकडतायत हे मी वर्गात दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी मला तितकंच भारी वाटतं. चौकोनी पेशींचा पण एक प्रकार आहे यांच्यात, टपाल तिकिटासारखा चपटा चौकोन, वॉल्सबी या शास्त्रज्ञांनी १९८० मध्ये पहिल्यांदा त्याबद्दल लिहिलं आणि तो प्रयोगशाळेत वाढवायला २००४ उजाडलं. आमच्या साध्या मायक्रोस्कोपखाली तो काही मला सापडला नाही.

बरं आता मिठाबद्दल, कारण घ्यायचं की नाही हे तुम्हाला ठरवायचंय.

खडे मोठे आहेत, ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढे. भिंगाखाली एक खडा धरून बघा, आत पांढुरके धुरकट पट्टे दिसतील, ते म्हणजे खडा वाढताना आत अडकलेले खाऱ्या पाण्याचे बारीक बारीक थेंब, आणि हे जीव त्या थेंबांत अडकून खूप काळ तग धरतात. तव्यावर टाकलं की हे मीठ तडतडतं ते या थेंबांमुळेच, आतल्या पाण्याची वाफ होऊन खडा फुटतो. आजी मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायची आणि तडतड आवाज आला की म्हणायची बघ किती दृष्ट लागली होती, त्या आवाजात मिठाचा वाटा हा असा.

चवीला पाकिटातल्या मिठापेक्षा जरा तिखट खार आहे आणि मागे किंचित कडसर लागतं, तो मॅग्नेशियमचा गुण. कैरीच्या लोणच्याला एक नंबर. कैऱ्यांना लावून ठेवलं तर पाणी हळूहळू सुटतं आणि फोडी करकरीत राहतात, माझ्या यंदाच्या बरणीवरून सांगते. ताकात, सोलकढीत पण छान. खाण्याच्या दृष्टीने या जीवांची भीती बाळगू नका, माणसाला आजारी पाडणारे नाहीत ते, आणि आमटीत मीठ पडलं की आमटी फार तर एक टक्का खारट, तिथे ते लगेच फुटतात, काचपट्टीवर फुटले तसेच. लोणच्यात आंबटपणामुळे आणि मीठ त्यांना पुरेल इतकं नसल्यामुळे वाढत नाहीत.

जपायचं ते खाऱ्या माशाला. खारवलेला बांगडा पावसाळ्यात दमट हवेत ठेवला की त्यावर कधी कधी गुलाबी चिकट थर येतो, तो यांचाच, मिठातून गेलेला. इथे ते माशाचं प्रोटीन खातात आणि मासा खराब करतात, वास मारतो, असा मासा धुऊन वगैरे वापरू नका, टाकून द्या. मागच्या वर्षी एका दुकानातून आणलेला माझा अर्धा किलो बांगडा असाच गेला आणि दुकानदार म्हणे मसाल्याचा रंग आहे. मसाला नव्हताच त्याला. खारा मासा कडकडीत वाळलेला घ्या आणि फ्रीजमध्ये ठेवा, थंडीत हे वाढत नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, या मिठात आयोडीन घातलेलं नाही. त्यामुळे रोजच्या स्वयंपाकाचं मीठ पूर्ण बदलू नका, विशेषतः घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर आयोडीनचंच मीठ हवं, नैसर्गिक आहे म्हणून हे चालेल असं नाही. मी हे लोणचं, ताक आणि सोलकढीलाच ठेवते. अजून एक, ते पहाडी गुलाबी मीठ महागात मिळतं त्याचा गुलाबी रंग लोहाच्या अंशामुळे असतो, खनिज आहे ते, त्याचा आणि या झाकेचा काही संबंध नाही. हे मीठ वाळलं की गुलाबी झाक जवळजवळ जाते आणि राखाडी दिसायला लागतं.

एक स्टार कशाचा कापला तर पॅकिंग आणि गाळाचा. पातळ पिशवी होती, आंबोली घाटात येईपर्यंत डिकीत पाणी गळलं, कारण हे मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पावसाळ्यात तर पाझरतच राहतं. आणि एक वाटी मीठ पाण्यात विरघळवलं तर तळाला चमचाभर तरी चिखल बसला, म्हणून मी पातळ पदार्थाला वापरताना विरघळवून पंचातून गाळून घेते. काकांना सांगितलं असतं तर त्यांनी वरच्या थराचं, जास्त पांढरं मीठ दिलं असतं, ते वेगळं काढून ठेवलेलं होतं हे मला पिशवी भरल्यावर दिसलं. तेव्हा तुम्ही गेलात तर आधी विचारा. झाकणाचा डबा किंवा जाड गोणी बरोबर न्या आणि घरी आल्यावर चिनी मातीच्या बरणीत भरा, स्टीलचा डबा नको, गंजाचे ठिपके पडतात.

जायचं असेल तर मार्च ते मे, पाऊस पडला की वाफे पाण्याखाली. दुपारी चारनंतर जा आणि शेवटच्या वाफ्याजवळ उकिडवं बसून तिरक्या उन्हात पाणी बघा, रंग तेव्हा नीट दिसतो. काकांना मी पुढच्या मे मध्ये बाटलीचा फोटो दाखवायला येते म्हणून सांगून आलेय, नणंद पण येणार म्हणतेय आणि तिला मीठ नकोय, तिला त्या वाफ्यातलं एक बाटलीभर पाणी हवंय.