ब्लाउज शिवणाऱ्या ताई, सदाशिव पेठ

मला साडीवर घालायला ब्लाउज शिवायचा होता, म्हणून बायकोला घेऊन गेलो होतो. घरी आधीच ठरलं होतं: पायांचं वॅक्सिंग चालेल, मिशीही काढीन, पण भुवया कोरायच्या नाहीत. मला त्या कोरलेल्या फार हव्या होत्या, पण सोमवारी ऑफिस असतं, तिचं म्हणणं पटलं. इरकल साडीवर मोरपंखी खण तिनेच निवडला.

ब्लाउज माझा आहे म्हटल्यावर ताईंनी एवढंच विचारलं, "बाही कोपरापर्यंत ठेवू ना?" छाती ४२, खांदे रुंद, म्हणून मुंढा (काखेचा घेर) अर्धा इंच सैल ठेवला. हात वर केला तरी ब्लाउज वर चढत नाही! रेडीमेडमध्ये हे सुख कधी मिळालं नाही. अस्तर सुती, हुक पुढे. दोन दिवस उशीर झाला, तेवढंच.

काल रात्री बायकोने स्वतः निऱ्या घालून दिल्या आणि म्हणाली, "पदर जरा लांब सोड."