जीप्लेट्स काही महिने वापरल्यावर: खंड जागेवर, समुद्र गायब

'जीप्लेट्स' म्हणजे खंड काळात मागे सरकवून दाखवणारं सॉफ्टवेअर. सिडनी विद्यापीठाच्या अर्थबाइट गटाने विकसित केलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. मी ते एकाच कामाला जुंपलंय: ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉर संपले तेव्हा कोणता भूभाग कुठे होता, ते बघायला.

हात बसायला वेळ लागतो. प्रत्येक भूपट्ट्याला, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्याला, क्रमांक आहे. भारताचा ५०१, आफ्रिकेचा ७०१. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्यावर ठिपका ठेवला, त्याला ५०१ दिला, वेळेच्या चौकटीत ६६ (दशलक्ष वर्षं, म्हणजेच ६.६ कोटी) टाकलं. ठिपका थेट दक्षिण गोलार्धात! पलीकडे मादागास्कर, आशिया पार उत्तरेला. याच पिसदुऱ्याच्या डायनोसॉर-विष्ठेच्या जीवाश्मांत गवताचे सूक्ष्म अवशेष सापडल्याचं २००५ मध्ये जाहीर झालं. ते मी ठिपक्याच्या वर्णनातच लिहून ठेवलंय. आणखी एक गंमत करून बघा: ५०१ ला अँकर केलं, म्हणजे तो पट्टा स्थिर धरला, की भारत जागचा हलत नाही, अख्खा आशियाच आपल्या अंगावर चालून येतो.

आता तक्रार, आणि ती मोठी आहे. नेहमीच्या डेटातल्या किनाररेषा आजच्याच असतात, त्याच उचलून मागे सरकवलेल्या. त्यामुळे ६६ वरही हडसनचा उपसागर आहे तसाच दिसतो, पण उत्तर अमेरिकेला मधोमध चिरणारा आणि तेव्हा ओसरत चाललेला उथळ समुद्र कुठेच नाही. युरोप एकसंध दिसतो. प्रत्यक्षात तिथे बेटांचा पुंजका होता, आणि आजच्या रुमानियातल्या हातेग बेटावर मग्यारोसॉरससारखे बुटके सॉरोपॉड (लांब मानेचे शाकाहारी डायनोसॉर) चरत होते. अंटार्क्टिकाची आकृती बघून तिथे बर्फाच्या थराऐवजी जंगल होतं, असं कुणाच्या मनातही येणार नाही.

यावर उपाय आहे. भूवैज्ञानिक ख्रिस्तोफर स्कोटीझ यांचे प्राचीन उंचसखलपणाचे नकाशे वेगळे उतरवून यात चढवता येतात. मात्र ते एक अंशाच्या ढोबळ जाळीवरचे, लहान बेटांची अपेक्षा त्यांच्याकडून करू नका. संदर्भचौकट (पट्ट्यांची हालचाल कशाच्या सापेक्ष मोजली ते) बदलली की अक्षांशही काही अंशांनी सरकतात, म्हणून पट्ट्यांच्या हालचालीचं कोणतं मॉडेल वापरलं ते प्रत्येक चित्राखाली लिहाच.

मुलांना झटपट काही दाखवायचं असेल तर ब्राउझरमध्ये फिरणारे तयार गोल बरे. स्वतः ठिपके मांडून बघायचे असतील तर मात्र हेच घ्या. प्रोजेक्ट फाइलमध्ये डेटा नसतो, डेटाच्या फाइली कुठे आहेत त्याचे नुसते पत्ते असतात. लॅपटॉप बदलताना सगळं फोल्डर एकत्र हलवा.